मुक्त बंद्यांचे पुनर्वसन

शिक्षा भोगून कारागृहाबाहेर आलेल्या व्यक्तीस कुटुंबात, व्यवसायात व समाजात पुन्हा स्थान मिळवून देण्याची प्रक्रिया. शिक्षेची मुदत न्यायालय ठरविते. समाजाने लावलेल्या कलंकास मात्र मुदत नसते. हाच या प्रश्नाचा गाभा होय.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला बंदी शहराच्या उत्तरेकडील जरीपटक्यासारख्या वस्तीत परततो, तेव्हा पहिली अडचण कामाची असते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेल्या या भागात दुकानदारीस महत्त्व आहे. अशा व्यवसायांत काम ओळखीवर व उधारी पत पाहून मिळते. दोन्ही त्याने बहुधा गमावलेली असतात. नोकरीसाठी पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आड येते. स्त्री-बंद्यांची स्थिती अधिक बिकट असते. अनेकींना सासर व माहेर ही दोन्ही घरे बंद होतात.

कायद्याची दृष्टी संमिश्र आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये बंदिवासात मतदान करता येत नाही. सुटकेनंतर तो हक्क परत मिळतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली परिवीक्षेवर सोडलेल्या अपराध्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. शिक्षा पूर्ण भोगलेल्यास मात्र या तरतुदीचे संरक्षण नाही.

पुनर्वसनाचा आरंभ सुटकेपूर्वीच व्हावा लागतो, हे महाराष्ट्रातील एका प्रयोगाने दाखविले. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने व पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ (सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली. तेथे बंदी भिंती व गजांविना, कुटुंबासह राहून शेती करीत. दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. कुटुंब न तुटल्याने व श्रमाची सवय टिकल्याने अशा बंद्यास सुटकेच्या दिवशी सारे नव्याने जुळवावे लागत नाही. संचित व अभिवचन रजांचाही हाच उपयोग असतो.

सुटकेनंतरच्या कार्यास अनुरक्षण म्हणतात. त्यात तात्पुरता निवारा, कागदपत्रे, कौशल्यशिक्षण, कामाची हत्यारे व अर्थसाहाय्य यांचा समावेश होतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत या क्षेत्रात आहे. तथापि साहाय्य हे विश्वासाची जागा घेऊ शकत नाही. काम व घर नाकारले गेलेला माणूस पुन्हा जुन्या संगतीकडे वळण्याचा धोका असतो; म्हणून त्याचा स्वीकार हा दयेइतकाच समाजाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.