मोटारसायकलचे मागील शॉकअप बदलतांना

गांवोगांव आतां दूध, खताचीं पोतीं व भाजीच्या जाळ्या मोटारसायकलवरूनच जातात. स्प्लेंडरसारख्या गाडीचें स्वतःचें वजन सुमारें ११२ किलो. तिजवर ४० लिटरांच्या दोन किटल्या चढल्या कीं दुधाचेंच वजन ८२ किलो होतें, चालविणारा निराळा. हा भार मुख्यत्वें मागील दोन शॉकअपांवर येतो. ते खचले म्हणजे पुष्कळ शेतकरी बंधु बाजारांतून दुसऱ्या बनावटीची जोडी आणून बसवितात. हें काम घरींहि होण्यासारखें आहे. मात्र त्यांतील चूक जिवावर बेतूं शकते.

प्रथम दोष ओळखावा. स्प्रिंग ओझें तोलून धरते, आणि आंतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जातांना स्प्रिंगची उसळी जिरवितें. सीट जोरानें दाबून सोडावी. गाडी एकदां वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोनतीनदां झुलली, किंवा दांड्यावर तेल ओघळलेलें दिसलें, तर जोडी बदलावी. एकच शॉकअप कधींहि बदलूं नये. केवळ ओझ्यानें मागची बाजू बसत असेल, तर आधीं स्प्रिंगची पांच खांचांची कडी दोन्ही बाजूंस सारखीच चढवून पाहावी. कित्येकदां एवढ्यानेंच खर्च वांचतो.

नवी जोडी घेण्यापूर्वीं जुन्या शॉकअपच्या वरच्या व खालच्या भोकांचें मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर, भोकांचा व्यास व बुशाची रुंदी मोजून कागदावर लिहून न्यावी. येथें आमचा अनुभव सांगतों. खाचखळग्यांत गाडी उंच राहावी म्हणून आम्हीं पाऊण इंच लांब जोडी बसविली. मधल्या स्टँडवर चाक जमिनीस टेंकूं लागलें. चेन सैल दिसली म्हणून ताणली. पण किटल्या चढवितांच ती तारेसारखी ताठ झाली! चिमटा खालीं झुकलेला असतां चेन सैल दिसते. भारानें तो वर येऊन पुढील चक्र, चिमट्याचा खिळा व चाकाचा आंस एका रेषेंत आले कीं ती सर्वांत अधिक ताणते. आवाज ऐकून वेळींच थांबलों म्हणून निभावलें. उतारावर चेन तुटून चाकांत अडकती तर काय झालें असतें, तें सांगावयास नको. ती जोडी काढून आम्हीं मूळ मापाची आणली.

फार कठीण स्प्रिंगहि घेऊं नये. रिकाम्या गाडीचें चाक खडीवर उड्या मारूं लागतें, आणि जमीन सुटलेल्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी होय. बाहेर डबी लावलेले शॉकअप विकत मिळतात; खऱ्या डबींत दाबाखालीं नायट्रोजन असतो व त्यामुळें तेलास फेंस येत नाहीं. कांहीं स्वस्त मालांत ती केवळ शोभेची असते. खरी डबी उघडण्याचा प्रयत्न कोणींहि करूं नये.

बसवितांना गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाकाखालीं लांकडी ठोकळा द्यावा व एका वेळीं एकच शॉकअप काढावा. दुसरा चिमटा धरून ठेवतो. वॉशर ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें घालावे. स्प्रिंग सायलेन्सरास किंवा चेनकव्हरास घासत नाहीं, हें पाहावें. नट आरंभीं बेतानेंच लावावे व गाडी चाकांवर उतरवून मग पान्यानें पक्के आवळावे, म्हणजे रबरी बुशास पीळ पडत नाहीं. माणूस बसला असतां मागची बाजू एकूण चालीच्या सुमारें एक-तृतीयांश बसावी. चेनचा ढिलेपणा व मागील ब्रेकची सळई भार देऊनच तपासावी. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हां पाहावे.

जूं मापाचें नसलें कीं बैलाचा खांदा सोलतो, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. बैल निदान मान हलवून सांगतो. गाडी तेवढेंहि सांगत नाहीं. म्हणून माप आधीं घ्यावें, पैसे मागाहून द्यावे.