हॉवर्ड घराण्याची सनद

इंग्लंडच्या ड्यूकांमध्ये पहिला मान नॉरफोकच्या ड्यूकचा, आणि हा किताब १४८३पासून हॉवर्ड घराण्याकडे आहे, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण या काळात किताब तीनदा जप्त झाला आणि तीनदा परत मिळाला, हे त्यात सहसा येत नाही. तीन ड्यूकांपैकी एक रणात पडला, एकाचे डोके कुऱ्हाडीखाली गेले आणि तिसऱ्याचे केवळ राजा वेळेवर मेला म्हणून वाचले. इतक्या वेळा तुटलेली गोष्ट रक्तातून वाहत आली असे कसे म्हणायचे? वंशपरंपरागत किताब म्हणजे मुळात राजाची सनद. रक्त हा त्या सनदेवरचा दावा आहे आणि दावा प्रत्येक वेळी नव्याने मान्य व्हावा लागतो.

सुरुवातच पाहा. हॉवर्डांचा ज्ञात मूळपुरुष तेराव्या शतकाअखेरचा एक न्यायाधीश, नॉरफोक परगण्यातला. ड्यूक होते ते मोब्रे. त्यांची शेवटची वारस ॲन मोब्रे हिचे लग्न चौथ्या एडवर्डने आपल्या धाकट्या मुलाशी लावले आणि १४८१मध्ये ती आठ वर्षांची असताना वारली. वारसाहक्काने मालमत्ता तिच्या आप्तांकडे जायला हवी होती; राजाने ती मुलाच्या नावावरच ठेवली. त्या आप्तांपैकी एक जॉन हॉवर्ड. त्याची आई मोब्रे घराण्याची लेक, म्हणजे दावा होता तोही आईकडून. १४८३मध्ये तिसरा रिचर्ड गादीवर आला, त्याला पाठीराखे हवे होते आणि जॉन ड्यूक झाला. दोन वर्षांनी बॉसवर्थच्या लढाईत तो रिचर्डच्याच बाजूने लढताना मारला गेला. नव्या राजाने किताब काढून घेतला आणि जॉनच्या मुलाला, टॉमसला, लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकले.

या टॉमसची पुढची तीस वर्षे माझ्या मते सगळ्या घराण्याचा खरा इतिहास आहेत. १४८९मध्ये त्याची सुटका झाली, कारण यॉर्कशायरमध्ये करावरून दंगा झाला होता आणि तिथे पाठवायला खंबीर माणूस हवा होता. जमिनी तुकड्यातुकड्याने परत मिळाल्या, जशी चाकरी तशी. १५१३मध्ये सत्तरीच्या घरात असताना त्याने फ्लॉडनला स्कॉटलंडच्या राजाचा पराभव केला. तो राजा रणातच पडला आणि पुढच्या वर्षी ड्यूकपद परत आले. कुलचिन्हात तोंडात बाण घुसलेला स्कॉटिश सिंहही मिळाला. रक्त १४८५मध्ये होते तेच १५१४मध्ये होते. बदलली होती ती फक्त राजाची गरज.

पुढच्या ड्यूकने हा धडा फारच मन लावून गिरवला. त्याच्या दोन भाच्या-पुतण्या, ॲन बुलीन आणि कॅथरिन हॉवर्ड, आठव्या हेन्रीच्या राण्या झाल्या. दोघींचाही शिरच्छेद झाला आणि ॲनच्या खटल्यात अध्यक्षपदी मामा स्वतः बसला होता. तरी १५४६च्या डिसेंबरात तो आणि त्याचा कवी मुलगा पकडले गेले. मुलावर मुख्य आरोप होता तो एका जुन्या राजाचे चिन्ह आपल्या ढालीवर घेतल्याचा. मुलगा जानेवारीत मारला गेला. बापाची पाळी येण्याच्या आदल्या रात्री हेन्री वारला. १५५३मध्ये राणी मेरीने त्याला सोडले आणि किताब परत दिला. त्याचा नातू, चौथा ड्यूक, राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटात सापडला आणि १५७२मध्ये मारला गेला. मग ८८ वर्षे नॉरफोकला ड्यूकच नव्हता.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की १६६०मध्ये किताब ज्याला परत मिळाला तो पाचवा ड्यूक इटलीत पादुआला वेडाच्या अवस्थेत होता. त्याने कसलीच चाकरी केली नव्हती, तेव्हा तिथे तरी रक्तच जिंकले. आक्षेपात तथ्य आहे. पण तोही संसदेचा कायदाच होता, आणि गेलेली गादी नुकतीच परत मिळवलेल्या राजाला गेलेले किताब परत देणे सोयीचेच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे घराणे केवळ संधिसाधू असते, तर प्रॉटेस्टंट झालेल्या इंग्लंडमध्ये आपला कॅथलिक पंथ सोडून मोकळे झाले असते. चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप पंथासाठी टॉवरमध्येच १५९५मध्ये वारला. १९७०मध्ये पोपने त्याला संत ठरवले. हे धैर्य नाकारता येत नाही. मात्र पंथाची किंमत कायद्यानेच वसूल केली. १६७२मध्ये राज्याभिषेक आणि राजकीय अंत्यविधींची व्यवस्था पाहणारे अर्ल मार्शलपद वंशपरंपरेने हॉवर्डांना मिळाले, पण कॅथलिक ड्यूकांना ते काम पुढे दीर्घकाळ प्रॉटेस्टंट प्रतिनिधीकडून करवून घ्यावे लागे. १८२४च्या कायद्याने ती अडचण दूर केली. उमरावसभेचे दार १८२९मध्ये उघडले, तेही कायद्यानेच.

रक्ताचा हिशेब किती निवडक असतो, हे १९७५मध्ये पुन्हा दिसले. सोळाव्या ड्यूकला चार मुली, मुलगा नाही. (दत्तकाचा मार्ग या पद्धतीत नाहीच. सातारकरांचे दत्तकविधान नाकारून राज्य खालसा करणाऱ्या डलहौसीला मुलगा नव्हता. १८६०मध्ये त्याचा मार्क्विस किताबही त्याच्याबरोबरच संपला.) ड्यूकपद आणि अर्ल मार्शलपद दूरच्या चुलतभावाकडे, माइल्सकडे गेले. वडिलांचाच हेरिस हा स्कॉटिश किताब मात्र थोरल्या मुलीला मिळाला, कारण त्याच्या अटींत मुली चालत होत्या. आणि माइल्सकडे ड्यूक होण्यापूर्वी बोमाँट हा किताब होता, तो त्याला आईकडून आला होता.