रात्री घिरट्या, दिवसा फवारणी : ड्रोनला मोकळीक किती अन् लगाम किती?

अंबड : 2024 चा पावसाळा आठवतोय ना? जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांवर रात्री आभाळात लुकलुकते दिवे फिरत असल्याची चर्चा होती. चोरटे टेहळणी करतात असं कुणी म्हणे, सर्वेक्षण चालू असेल असं कुणी म्हणे. पोरं काठ्या घेऊन जागली. आपल्या तालुक्यातल्या अंतरवाली सराटीवर ड्रोन फिरल्याचा विषय तर थेट विधिमंडळात गेला.

आता तोच ड्रोन दिवसा कपाशीवर, उसावर फवारणी करताना दिसतो आणि लोक बांधावर उभं राहून व्हिडिओ काढतात. यंत्र एकच. मग सरकारनं त्यावर बंदी घालावी की मोकळं सोडावं? नियम काय सांगतात, ते सोप्या भाषेत पाहू.

आधी बंदी, मग कागदांचा ढीग

ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जाहीर सूचना काढून सामान्य माणसाला परवानगीशिवाय ड्रोन उडवायला मनाई केली. डिसेंबर 2018 पासून परवानगीचा रस्ता उघडला, पण तो किचकट होता. 12 मार्च 2021 ला नवे नियम आले. त्यात 25 प्रकारचे अर्ज आणि 72 प्रकारचं शुल्क! नवं काही करू पाहणाऱ्या पोरांनी यंत्र बनवायचं की अर्ज भरत बसायचं? ओरड झाली आणि पाचच महिन्यांत, 25 ऑगस्ट 2021 ला, केंद्रानं ते नियम बाजूला ठेवून ‘ड्रोन नियम 2021’ आणले. अर्ज राहिले 5, शुल्काचे प्रकार 4.

सगळ्यांना एकच काठी नाही

या नियमांचं सूत्र साधं आहे : धोका जेवढा, लगाम तेवढा. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन चालवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, विमाही लागत नाही. 2 किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल, तर त्यालाही प्रमाणपत्राची सक्ती नाही. फवारणीचा ड्रोन मात्र वजनदार असतो. 10 लिटरची टाकी भरली की बरेच ड्रोन 25 किलोच्या जवळ जातात. म्हणून त्याला ओळख क्रमांक, विमा आणि प्रमाणपत्रधारक पायलट, तिन्ही हवेत. पायलट दहावी पास, किमान 18 वर्षांचा आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेला असावा लागतो.

जागेचंही तसंच. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, तर लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. कोणता पट्टा आहे, हे उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर बघणं बंधनकारक आहे. रात्रीच्या घिरट्यांसारखा प्रकार घडला, तर पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरावीक भाग एका वेळी 96 तासांपर्यंत लाल पट्टा जाहीर करू शकतो. म्हणजे एका गावातल्या भीतीपायी अख्ख्या राज्यातली फवारणी थांबवायची गरज पडत नाही.

फवारणीला मोकळीक कशासाठी?

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोननं फवारणी केली तर माणूस औषधाच्या तुषारापासून लांब राहतो. पाठीवरच्या पंपाला एकरी साधारण 150 ते 200 लिटर पाणी लागतं, ड्रोनला 10 लिटरच्या आसपास. म्हणूनच केंद्रानं ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान.

पण शेजाऱ्याचं काय?

खरी मेख इथं आहे. कमी पाणी म्हणजे औषधाचं द्रावण जास्त तीव्र. वारा असला की बारीक थेंब बांध ओलांडतात. आपल्या जिल्ह्यात रेशीमशेती आहे, जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. तुमच्या कपाशीवरचं औषध शेजारच्या तुतीवर गेलं आणि तो पाला अळ्यांना पडला, तर अख्खी बॅच हातची जाते. तिथं ड्रोनच्या ओळख क्रमांकानं भागत नाही.

यासाठीचा एक नियम ड्रोनपेक्षा कितीतरी जुना आहे. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे आकाशातून फवारणी करायची तर लोकांना किमान 24 तास आधी सूचना द्यावी लागते आणि माणसं-जनावरं त्या भागापासून लांब ठेवावी लागतात. हा नियम लिहिला तेव्हा डोळ्यांसमोर विमान होतं. यंत्र बदललं, शेजाऱ्याचा हक्क बदलला नाही.

पुढं काय?

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रानं ड्रोनसाठी नव्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात काही गुन्ह्यांना तुरुंगवासाचीही तरतूद होती आणि उद्योगातून लगेच नाराजी आली. कडक शिक्षेनं रात्री टेहळणी करणारा घाबरेल की नाही, सांगता येत नाही. पण कर्ज काढून ड्रोन घेतलेला तरुण किंवा बचत गटातली ताई कागदाच्या एका चुकीपायी अडकू नये, एवढं तर बघायलाच हवं.

ड्रोनवाला बोलावण्याआधी एवढं विचारा

– ड्रोनचा ओळख क्रमांक आणि विमा आहे का?
– पायलटकडे प्रमाणपत्र आहे का?
– हे औषध ड्रोननं मारायला मंजुरी आहे का? (कृषी सहायकाकडे खात्री करा.)
– वारा कुठल्या दिशेचा? त्या बाजूला तुती, विहीर, मधमाश्यांच्या पेट्या किंवा वस्ती आहे का?
– शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगितलं का?

पहिले तीन प्रश्न सरकारी नियमांचे आहेत. शेवटचे दोन विचारायला कुणी अधिकारी बांधावर येणार नाही, ते आपले आपणच विचारायचे.