न्यायाधीश ॲस्टन आणि ताई महाराज प्रकरण : प्रोबेट कोर्टाचा प्रश्न केवढा?

श्रोतेहो, आज आपण एका जिल्हा न्यायाधीशाविषयी बोलणार आहोत. पुण्याचे ॲस्टन. हे नाव आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. पण टिळकांच्या चरित्रातलं ताई महाराज प्रकरण ज्या निकालानं पेटलं, तो निकाल यांचा. बीडमध्ये बसून पुण्याचं प्रकरण कशाला, असं कुणी विचारेल. तर या खटल्याची गाठ पडली होती आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तेव्हा बीड काय, औरंगाबाद काय, सगळी निजामाची हद्द.

आधी प्रोबेट म्हणजे काय ते बघू. माणूस मृत्युपत्र करतो आणि त्याप्रमाणे व्यवस्था पाहायला काही जणांना नेमतो. हे मृत्युपत्र खरं आहे आणि ही माणसं कारभार करायला मुखत्यार आहेत, असा कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. इस्टेटीचा मालक कोण, हा प्रश्न प्रोबेटचं कोर्ट सोडवत नाही. त्याला वेगळा दिवाणी दावा लागतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीनं वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि विश्वस्तांत टिळकांचं नाव घातलं. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज गरोदर होत्या, वयानं अगदी लहान. मृत्युपत्रात लिहिलं होतं की मुलगा झाला नाही, किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या सल्ल्यानं दत्तक घ्यावा. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत गेला. मग दत्तकाचा शोध सुरू झाला. पंडित घराण्याच्या निधोणे शाखेतला जगन्नाथ हा मुलगा पसंत पडला आणि २८ जून १९०१ रोजी औरंगाबादेत त्याचं दत्तविधान झालं, असं विश्वस्तांचं म्हणणं.

पुण्याला परतल्यावर ताई महाराजांचं मन फिरलं. की फिरवलं गेलं? दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं आहे. त्यांनी कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि टिळकांना दिलेलं प्रोबेट रद्द करावं म्हणून ॲस्टन यांच्याकडे अर्ज केला.

आता त्या वेळचा कायदा बघा. १८८१ च्या प्रोबेट कायद्यात 'योग्य कारण' असेल तर प्रोबेट रद्द करता येत होतं. परिस्थिती बदलून ते निरुपयोगी झालं, हेही त्यांतलं एक कारण. म्हणजे न्यायाधीशांपुढचा प्रश्न छोटा होता : हे प्रोबेट आज चालू राहावं की नाही? पण चौकशी पसरत गेली. औरंगाबादेत दत्तक खरोखर झालं का, कोण तिथं होतं, टिळकांचा हेतू काय, बाईंवर दडपण आणलं का, हे सगळं त्यात आलं. टिळकांची उलटतपासणी कितीतरी दिवस चालली. ३ एप्रिल १९०२ रोजी ॲस्टन यांनी प्रोबेट रद्द केलंच, वर टिळकांवर फौजदारी खटला चालवण्याचा हुकूमही दिला. म्हणजे साक्ष द्यायला आलेला माणूस आरोपी होऊन बाहेर पडला!

पुढे हायकोर्टानं प्रोबेट रद्द करण्याचा हुकूम फिरवला. फौजदारी खटला मात्र चालू राहिला. ऑगस्ट १९०३ मध्ये खोट्या साक्षीबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि ४ मार्च १९०४ रोजी हायकोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. दत्तकाचा दिवाणी दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. २६ मार्च १९१५ रोजी निकाल लागला : औरंगाबादचं दत्तक खरं आणि कायदेशीर. त्या निकालात लॉर्ड शॉ यांनी एक तत्त्व सांगितलं, ते आपली न्यायालयं आजही मानतात. साक्षीदाराला खोटा ठरवायचं असेल, तर तो आक्षेप आधी त्याच्या तोंडावर ठेवा, खुलासा करायची संधी द्या.

यावर 'इंग्रज न्यायाधीश, टिळकांचा द्वेष, दुसरं काय!' असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आम्हाला हे उत्तर पुरत नाही. ॲस्टन यांची बाजू जरा जोर लावून मांडून बघू. समोर एक कोवळ्या वयाची विधवा, पलीकडे कायदा कोळून प्यायलेले कर्तबगार पुरुष. तिच्यावर अन्याय होत असेल, ही शंका कुठल्याही न्यायाधीशाला यावी. शंका येण्यात चूक नव्हती. तिच्या जोरावर आपल्या अधिकारात नसलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, ही चूक. अधिकाराची मर्यादा म्हणजे नुसती तांत्रिक बाब, असं आपल्याला वाटतं. पण छोट्या चौकशीत पुरावा छोट्या प्रश्नापुरता येतो. तेवढ्या पुराव्यावर आख्ख्या माणसाचा निवाडा केला, की न्याय करायची तळमळच अन्याय करून बसते.

आणि या सगळ्यात बाई कुठे राहिल्या? प्रकरणाला नाव त्यांचं, पण त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे कुणाच्याच बाजूनं धड ऐकू येत नाही. शेवटचा निकाल लागला तेव्हा त्या हयातही नव्हत्या.

आता आपल्या गावाकडे या. आपल्याकडे म्हातारा गेला की मृत्युपत्र घेऊन पोरं तलाठ्याकडे जातात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि वाटतं की मालकी ठरली. ठरत नाही. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते. मालकीचा वाद दिवाणी कोर्टाचा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतातच; नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. पारावर असा एक वाद आम्ही ऐकला आहे. प्रश्न होता कागदावरची सही खरी की खोटी. तासाभरात बोलणं गेलं म्हाताऱ्याला शेवटी कुणी सांभाळलं, कोणती सून कशी वागली, इथपर्यंत. सही बाजूलाच राहिली, दोन घरांचं बोलणं मात्र कायमचं तुटलं.

म्हणून एवढंच सांगतो. कुणाच्याही भांडणात निवाडा करायला बसलात, तर आधी विचारा, आपल्यापुढे प्रश्न नेमका कोणता आहे? तेवढ्याचंच उत्तर द्या. आणि ज्याच्याविषयी बोलायचं, त्याला आधी बोलू द्या.