एक प्रिंटर, दोन संगणकप्रणाली

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ न पेलणारे जुने संगणक भंगारात काढावेत, की त्यांवर विनामूल्य लिनक्स बसवावे, हा प्रश्न नागपुरातील इतवारी, महालच्या पेढ्यांनाच नव्हे, घराघरांनाही पडला आहे. हिशेबाचे टॅली विंडोजवर, तर पत्रव्यवहार लिनक्सवर, ही विभागणी सोयीची आहे. तथापि प्रिंटर एकच असेल तर? दुसरा घेण्याचे कारण नाही.

या सोयीमागे मोठा इतिहास आहे. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने संगणकांमधील संदेशांची देवाणघेवाण न्याहाळून तिची भाषा उलगडली. त्यातूनच 'सांबा' ही विनामूल्य प्रणाली घडली आणि विंडोजशी संवाद साधण्याचा मार्ग इतरांना खुला झाला. पुढे २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला या संवादाची माहिती उघड करण्याचा आदेश दिला. २००७ च्या अखेरीस ती सांबाच्या कार्यकर्त्यांच्या हाती आली. दरम्यान, १९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही छपाईव्यवस्था आली. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर तीच असते.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. जो संगणक दिवसभर चालू असतो, त्याला प्रिंटर जोडावा. तो लिनक्सचा असल्यास कप्समध्ये प्रिंटर सामायिक करण्याची परवानगी द्यावी आणि विंडोजमध्ये त्या संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता देऊन प्रिंटर जोडून घ्यावा. प्रिंटर विंडोजच्या संगणकाला जोडलेला असेल, तर तेथे तो सामायिक करावा. लिनक्सचा संगणक सांबाद्वारे त्याच्यापर्यंत पोहोचतो. दोन्हीकडून आलेली कामे एकाच रांगेत लागतात आणि क्रमाने छापली जातात.

दोन गोष्टींचे भान मात्र हवे. प्रिंटरच्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्यावा. अन्यथा पत्ता बदलतो आणि काल चालणारा प्रिंटर आज सापडत नाही. दुसरे असे की, छपाईच्या रांगेत आधार कार्ड असते, बँकेची विवरणपत्रेही असतात. म्हणून ही सामायिकता घरच्या किंवा पेढीच्या जाळ्यापुरतीच ठेवावी आणि पाहुण्यांसाठी वाय-फायची वेगळी जोडणी असावी. तिजोरीची किल्ली जपणाऱ्याने हे दारही जपावे.