किलोमीटर, तास आणि दसरा

आमच्या जीपच्या खणात एक छोटी वही असायची. डावीकडे तारीख, मध्ये मीटरचं रीडिंग आणि उजवीकडे फक्त ‘ऑइल’. वडिलांच्या अक्षरातली ती वही मी जपून ठेवली आहे. इंजिन ऑइल कधी बदलायचं, याचा आमच्या वाशिम भागातला तीसेक वर्षांचा हिशेब तिच्यावरून मांडता येतो.

नव्वदच्या दशकात वाशिम अकोला जिल्ह्यात होतं. कचेरीचं काम निघालं की अकोल्याची ऐंशीएक किलोमीटरची वाट धरावी लागे. जीप डिझेलची, आणि त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत असे. ते जळून तयार होणारं आम्ल ऑइलमध्ये उतरायचं आणि आम्ल मारणारे त्यातले घटक खर्ची पडायचे. वरून उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ. मिस्त्री चेंबरचा नट सोडायचे, गरम ऑइलची धार घमेल्यात पडायची, अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळून ते म्हणायचे, “पाच हजाराच्या वर नेऊ नका.” वहीत तर साडेतीन हजारांच्याही नोंदी आहेत. तो आकडा त्या डिझेलने आणि त्या रस्त्यांनी ठरवून दिलेला होता.

पुढे कारणंच बदलली. १ एप्रिल २०१७ला वाहनांच्या धुराचे बीएस-४ निकष देशभर लागू झाले तेव्हा डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५० भागांवर आलं, १ एप्रिल २०२०ला बीएस-६ आल्यावर १० भागांवर. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळणं कमी झालं. जाड २०डब्ल्यू-४०च्या जागी पातळ, जास्त टिकणारी सिंथेटिक ऑइलं आली. गाडीच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं छापून येऊ लागलं. आपण त्यातलं ‘दहा हजार’ पाठ केलं आणि ‘किंवा’ वाचायचं राहून गेलं.

मीही तीच चूक केली. १ जुलै १९९८ला वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला आणि अकोल्याच्या चकरा थांबल्या. नंतर घेतलेली आमची पेट्रोल गाडी शाळा, बाजार, बँक एवढंच फिरायची. अडीच वर्षांत जेमतेम चार हजार किलोमीटर झाले, म्हणून ऑइलला हात लावला नाही. एका हिवाळ्यात ऑइल टाकायचं झाकण उघडलं, तर आतून ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. आत जमलेलं पाणी उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतं. कमी चाललेल्या गाडीचं ऑइल असं उभ्या उभ्या खराब होतं.

नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरचं ऑइल तो तासांवर बदलतो, साधारण अडीचशे तासांना. जागेवर उभं राहून थ्रेशर चालवलं तरी इंजिन राबलेलंच असतं, हे तो जाणतो.

११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि आमच्या जिल्ह्यातल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगावकडच्या गाड्या लांबच्या, सलग धावेला लागल्या. इंजिन पूर्ण तापून एकसारखं चालणं ऑइलला मानवतं. मात्र वेगात काही इंजिनं ऑइल खातात, म्हणून निघण्याआधी सपाट जागेवर गेज पाहावी. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर पातळी वाढली का, तेही पाहावं. धुराड्यातल्या गाळणीची काजळी जाळायला जादा डिझेल सोडलं जातं. छोट्या फेऱ्यांमुळे ते काम अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत जीपच्या काळचं स्वस्त ऑइल घालू नये. त्याच्या राखेने गाळणी बुजते. आणि डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नये. काजळी अंगावर घेणं हे त्याचं कामच आहे.

लांब पल्ल्याच्या गाडीला पुस्तिकेतला आकडा पुरतो. धुळीतल्या, ओझ्याच्या किंवा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला त्याच्या निम्म्यावर ऑइल बदललेलं बरं. आणि कशीही चालो, वर्ष ओलांडू देऊ नये.

त्या पिवळट थरानंतर मी वही पुन्हा चाळली. एरवी मीटर पाहून केलेल्या नोंदींमध्ये दरवर्षी एक नोंद दसऱ्याच्या आठवड्यातली आहे. एका साली आधीच्या नोंदीनंतर गाडी फक्त अकराशे किलोमीटर चालली होती, तरीही उजवीकडे ‘ऑइल’ लिहिलेलं आहे. झेंडूची माळ घालण्याआधी वडील ऑइल बदलत होते. आता मीही दसऱ्यालाच बदलतो आणि त्याच वहीत लिहितो.