रोपांसाठी शेतातील टाकाऊ पदार्थ

पपईची रोपे पिशवीत वाढविताना ती मातीने भरण्याची आपली जुनी रीत आहे. पण दक्षिण गुजरातची काळी माती चिकट असते. पिशवीत तिचा निचरा नीट होत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि कोवळी रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. शिवाय प्रत्येक पिशवीबरोबर शेतातील सुपीक माती निघून जाते, ते नुकसान निराळेच.

सुरत जिल्ह्यात यावरील उपाय दाराशीच आहे. बारडोलीकडे उसाचे पाचट निघते, पण ते पुष्कळदा जाळले जाते. साखर कारखान्यांतून प्रेसमड, भात गिरण्यांतून तूस व बागांतून केळीची खोडे मिळतात. शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने केळीच्या खोडापासून धागा, रसापासून द्रवखत व उरलेल्या चोथ्यापासून गांडूळखत करून दाखविले आहे.

मात्र ताजे पाचट पिशवीत भरणे घातक होय. त्यात नत्राच्या सुमारे १०० पट कर्ब असतो. ते कुजविणारे जीवाणू आसपासचे नत्र स्वतःच ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. म्हणून पाचटाचे तुकडे करून त्यांत शेण व प्रेसमड मिसळावे, ओलावा राखावा आणि ढीग अधूनमधून उलटावा. कर्ब २० पटींवर आला म्हणजे ढीग थंड पडतो व त्याला मातीचा वास येतो. तूस मात्र सिलिकेमुळे सावकाश कुजते. ते थोडे मिसळल्यास मिश्रण पोकळ राहते.

खत मुरले की नाही, हे पाहण्यास मूग पेरावेत. आठवड्याभरात रोपे हिरवीगार राहिली, तरच त्यात पपईचे बी टाकावे.